समितीचा उमेदवार उभा का राहतो?

विधानसभेच्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस त्या विधानसभेत बसायला मिळावे म्हणून उभा राहतो, असा सगळ्या देशाचा रिवाज आहे. सीमाभागात मात्र १९५७ सालापासून एक वेगळाच उमेदवार उभा राहत आला आहे. तो बेंगळूरच्या सभागृहासाठी अर्ज भरतो आणि मतदाराला सांगतो, की मला तिथे पाठवा, म्हणजे आपल्याला या राज्यात राहायचे नाही हे त्याच राज्याच्या सभागृहात उभे राहून मला सांगता येईल. पुण्या-मुंबईची मंडळी निवडणुकीच्या तोंडावर दोन दिवस बेळगावात येतात, चार जणांना भेटतात आणि ‘भावनिक मुद्दा’ असा शेरा मारून परत जातात. बेळगुंदी, बिजगर्णी, सोनोली, कर्ले या पट्ट्यातल्या मतदाराला मात्र या उमेदवारीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. राकसकोपच्या जलाशयापलीकडे तुडये हे गाव आहे. ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. अलीकडे बेळगुंदी, ती कर्नाटकात. दोन्ही गावांची बोली एक, सोयरीक एक, पीकपाणी एक. तुडयेच्या शेतकऱ्याला सातबारा मराठीत मिळतो, बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून घ्यायला कोणाची तरी मनधरणी करावी लागते. समितीच्या उमेदवाराची सगळी पार्श्वभूमी या काही किलोमीटरच्या अंतरात आहे.

ही उमेदवारी नेमकी कशासाठी, हे समजून घ्यायचे तर गोव्याकडे पाहावे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, एवढाच प्रश्न होता. लोकांनी केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने कौल दिला आणि तो विषय मिटला. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही, पण लोकांना विचारले गेले, ही गोष्ट तर खरी! बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या भागातील माणसाला १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालताना कोणी विचारले नाही, आणि नंतरही विचारले नाही. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. दहा वर्षांनी १७ जानेवारी १९५६ रोजी गोळीबारात माणसे पडली, तरीही विचारले गेले नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर आणि इतर खेडी मिळून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवावे, अशी शिफारस केली. तीही कागदावरच राहिली.

तेव्हा सीमावासीयांनी एक साधा मार्ग काढला. सरकार कौल घेत नाही ना, मग दर निवडणुकीलाच कौल समजायचे! १९५७ च्या निवडणुकीत समितीचे उमेदवार या भागातून निवडून आले, तेव्हा तो आमदारकीचा विजय होता त्यापेक्षा लोकेच्छेचा पुरावा होता. समितीचा उमेदवार हा त्या अर्थाने साक्षीदार. त्याने मंत्री व्हावे, पंखे-टेबले वाटावीत, अशी अपेक्षा कोणी धरली नाही. त्याला मिळालेली मते दिल्लीने मोजावीत, एवढीच अपेक्षा होती.

जगात याला दाखले नाहीत असे नाही. १९१८ साली आयर्लंडमधील शिन फेन पक्षाने ब्रिटिश पार्लमेंटच्या ७३ जागा जिंकल्या आणि एकही सभासद लंडनला जाऊन बसला नाही. समितीने तो मार्ग धरला नाही. समितीचे आमदार शपथ घेत आले, सभागृहात बसत आले, मराठीत बोलण्याचा आग्रह धरत आले, आणि गावच्या रस्त्यासाठी अर्जही करत आले. साक्षही द्यायची आणि कामेही करून घ्यायची, अशी ही दुहेरी कसरत. तिचा ताण पुढे पुढे उमेदवाराला कसा जाणवू लागला, ते खाली येईलच.

उमेदवार येतो कुठून?

बेळगाव तालुक्यातील समितीचा उमेदवार हा प्रकार ठरलेला आहे. शेतकऱ्याचा मुलगा, गावच्या मराठी शाळेत शिकलेला, पुढे बेळगावच्या हायस्कूल-कॉलेजात गेलेला. कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी सहकारी सोसायटीत किंवा पतसंस्थेत कारभार केलेला, कोणी तालमीत अंग घुसळलेला. पण या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची पात्रता वेगळी असते. अंगावर केस आहे का? काळ्या दिनाच्या फेरीत लाठी खाल्ली आहे का? १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर न चुकता हजर असतो का? या प्रश्नांची उत्तरे गाव आधी तपासते, शिक्षण नंतर.

बेळगुंदीला या तपासणीचा जास्त अधिकार आहे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा पोलिसांच्या गोळ्यांनी या भागात नऊ जण बळी पडले आणि त्यात बेळगुंदीची माणसेही होती. गोकाक समितीच्या अहवालानंतर राज्यात कन्नडच्या सक्तीचे वारे वाहत होते, बेंगळूरला रामकृष्ण हेगडे यांचे सरकार होते. महाराष्ट्रातून शरद पवार बेळगावात आले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या, छगन भुजबळ तर वेश पालटून शहरात शिरले. नेते आले, अटक झाले, परत गेले. खेड्यात मात्र ज्यांच्या घरचे माणूस गेले ती घरे तिथेच राहिली. शाळेत कोणती भाषा शिकवायची, या प्रश्नावर ज्या गावाने प्राण दिले, त्या गावात मते मागायला येणाऱ्या उमेदवाराने भाषणाची सुरुवात कुठून करायची हे त्याला सांगावे लागत नाही. तो आधी हुतात्म्यांना हार घालतो, मगच चव्हाट्यावर येतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. समितीचा उमेदवार स्वतः उभा राहत नाही, त्याला उभे केले जाते. निदान रीत तशी आहे. इच्छुकांनी तालुका समितीकडे अर्ज द्यायचा, निवड समितीसमोर जायचे, गावोगावच्या कार्यकर्त्यांचा कल घ्यायचा, आणि एकाच्या गळ्यात माळ पडली की बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचे. खर्चाला लोकवर्गणी. गावात शिरला की सुवासिनी ओवाळतात, पंच मंडळी भगवा फेटा बांधतात आणि वर्गणीचे पाकीट हातात देतात. मते घेताना पैसे देणारे उमेदवार देशात पुष्कळ असतील, मते आणि पैसे दोन्ही घेणारा हा एकटाच! ही थट्टा नव्हे. ज्याने शंभर रुपये वर्गणी दिली, तो मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच्या पाकिटाला भुलत नाही, हा या पट्ट्यातला अनुभव होता.

चिन्हाची कथा

या उमेदवाराच्या वाटेत एक अडचण अशी आहे, जी मोठ्या पक्षांच्या उमेदवाराला स्वप्नातही पडत नाही. समितीला मान्यताप्राप्त पक्षाचा दर्जा नाही. तिचा माणूस अपक्ष म्हणून लढतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, याला दहा लागतात. तेही जमते. पण चिन्ह? कमळ आणि हात घराघरांत वर्षानुवर्षे माहीत असतात. समितीच्या उमेदवाराला अर्ज माघारीची मुदत संपल्यावर मोकळ्या चिन्हांतून एक मिळते, आणि ते मागच्या वेळचे असेलच याची खात्री नसते. २०२३ साली माघारीचा दिवस २४ एप्रिल होता आणि मतदान १० मे रोजी. म्हणजे दोन आठवड्यांत नवे चिन्ह बेळगुंदीच्या गल्लीपासून तालुक्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक म्हातारीच्या डोळ्यांपुढे आणायचे. त्यातही शेजारच्या मतदारसंघातील समितीच्या उमेदवाराचे चिन्ह वेगळे असू शकते. बेळगावात नोकरीला जाणारा मुलगा शहरातले चिन्ह पाहून येतो, घरी आईला तेच सांगतो, आणि तिथे घोटाळा होतो. समितीची किती मते अशी वाया गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पूर्वी उमेदवाराचे नावच पुरेसे होते, कारण यादी लहान, मतदारसंघ लहान आणि माणूस ओळखीचा.

नावांवरून आठवले. साक्ष देण्याची ही कल्पना एकदा फार टोकाला गेली होती. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव शहर मतदारसंघात ३०१ उमेदवार रिंगणात होते. त्यावर कडी झाली १९९६ साली. लोकसभेच्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार! सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी खेड्याखेड्यांतून माणसे अर्ज भरायला गेली. पाचशे रुपये अनामत होती. ती परत मिळणार नाही, हे माहीत असून माणसांनी भरली. साऱ्या देशाने बेळगावचे नाव ऐकले खरे, पण निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी. आणि दिल्लीने त्यातून धडा घेतला तो असा, की त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत दहा हजारांवर आणि विधानसभेची पाच हजारांवर नेली, अपक्षाला दहा सूचक सक्तीचे केले. त्याच वर्षी तमिळनाडूतील मोडाकुरिची मतदारसंघातही हजाराच्या वर उमेदवार उभे होते, नलगोंड्यातही चारशेच्या वर. या सर्वांना मिळून सरकारचे एकच उत्तर होते, अनामत वाढवा! प्रश्न काय आहे, असे विचारणे त्यापेक्षा स्वस्तात पडले असते. २०१९ च्या लोकसभेला बेळगावात पुन्हा ५७ उमेदवार उभे राहिले आणि एका यंत्रावर सोळा बटणे या हिशेबाने चार-चार यंत्रे मांडावी लागली. बातमी झाली, आणि बातमीवरच थांबले.

जागा कशा गेल्या

पूर्वी आपली बेळगुंदी उचगाव मतदारसंघात होती. प्रभाकर पावशे, बसवंत पाटील, मनोहर किणेकर ही तिथल्या समितीच्या आमदारांची नावे या भागातल्या पोरासोरांनाही पाठ. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली आणि उचगाव हे नावच नकाशावरून पुसले गेले. बेळगाव ग्रामीण नावाचा मोठा मतदारसंघ तयार झाला. कडोलीसारखे मराठीचे ठाणे यमकनमर्डीत गेले आणि येळ्ळूर बेळगाव दक्षिणेत. मराठी गावांची एकगठ्ठा मते अशी तीन ठिकाणी वाटली गेली. हे मुद्दाम झाले, असे सगळेच म्हणतात. मुद्दाम असो वा नसो, परिणाम तोच.

पण सगळे खापर नकाशावर फोडून चालणार नाही. २०१३ साली याच नव्या मतदारसंघात किणेकर दीड हजारांहूनही कमी मतांनी हरले. त्याच वर्षी बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले. म्हणजे नवा नकाशा असूनही जागा येऊ शकत होत्या. मग २०१८ साली काय झाले? खानापुरात अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर असे समितीचे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज विजयी काँग्रेस उमेदवाराच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती. बेळगाव दक्षिणमध्येही तोच प्रकार. समितीचा एकही आमदार त्या वर्षी निवडून आला नाही. पुढे अरविंद पाटील भाजपमध्ये गेले.

समितीच्या उमेदवारीचा कणा इथे मोडला, असे आमचे स्पष्ट मत आहे. साक्षीदार एकच असेल तर त्याची साक्ष जड असते. दोन साक्षीदार उभे राहून एकमेकांना खोटे ठरवू लागले, की न्यायाधीशाला वेगळे काही करावेच लागत नाही. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार पडला तर एक जागा जाते. समितीची मते फुटली तर लोकेच्छेचा पुरावाच फुटतो. म्हणून समितीतील बंडखोरी ही इतर पक्षांतल्या बंडखोरीसारखी किरकोळ बाब नव्हे.

२०२३ मध्ये हे बहुतेक ठिकाणी सावरले गेले. बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर यांनी साठ हजारांहून अधिक मते घेतली, बेळगाव ग्रामीणमध्ये आर. एम. चौगुले यांना चाळीस हजारांवर मते पडली. त्याआधी २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुणाने १ लाख १७ हजारांवर मते मिळवली होती, आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य साडेपाच हजारांच्याही आत होते. मते आहेत, याला यापेक्षा दुसरा पुरावा नको. तरी २०२३ साली समितीचा आमदार एकही नाही. ग्रामीणमध्ये काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर लाखावर मते घेऊन पुन्हा निवडून आल्या आणि मंत्रीही झाल्या.

‘खरं रस्त्याचं काय?’

ही मते त्यांना कोणी दिली? मराठी घरांतूनही दिली. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. चव्हाट्यावर बसलेला मतदार आज उमेदवाराला विचारतो, सीमाप्रश्न सुटायला पाहिजे, खरं रस्त्याचं काय? सोसायटीच्या कर्जाचं काय? रताळी बाजारात नेली की दर पडतो, त्याचं काय? राकसकोपचे पाणी बेळगाव शहराला जाते आणि आसपासच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याचं काय? वळणरस्त्यासाठी तालुक्यातल्या पिकाऊ जमिनी मोजल्या गेल्या, त्यांचं काय? यात सीमाप्रश्नाशी फितुरी नाही. पन्नास-साठ वर्षे साक्ष देऊन झाल्यावर माणूस पोटापाण्याचे विचारणारच.

उमेदवाराने या प्रश्नाला ‘आधी महाराष्ट्रात जाऊ, मग बघू’ असे उत्तर दिले, की तरुण मतदार उठून जातो. उत्तर देता येण्यासारखे आहे, आणि ते भाषेच्याच वाटेने येते. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तर महत्त्वाची सरकारी परिपत्रके आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात पंधरा टक्क्यांचा हिशेब करायची तरी गरज आहे का? भूसंपादनाची नोटीस कन्नडमध्ये येते, शेतकऱ्याला ती कळेपर्यंत हरकतीची मुदत निघून जाते आणि जमीन जाते. पीक नुकसानीचा अर्ज कन्नडमध्ये, सोसायटीचे परिपत्रक कन्नडमध्ये. रस्ता, पाणी, दर यांच्याआड बहुतेक वेळा न वाचता आलेला एक कागद असतो. हा कागद मराठीत मिळवून देणे ही समितीच्या उमेदवाराची पहिली प्राधान्याची गोष्ट असायला हवी. त्यासाठी आमदार व्हावे लागतेच असे नाही, पण आमदाराने मागितला तर तहसीलदाराला टाळता येत नाही.

इथे जर्मनीच्या उत्तर सीमेवरचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. श्लेस्विगची सीमा १९२० साली लोकांचा कौल घेऊन ठरली, तरी डॅनिश बोलणारे काही लोक जर्मनीत राहिलेच. १९४८ साली त्यांनी आपला पक्ष काढला. तिथे पाच टक्के मते न मिळवणाऱ्या पक्षाला विधानसभेत जागा मिळत नाही, पण १९५५ सालापासून या अल्पसंख्याकांच्या पक्षाला त्या अटीतून सूट आहे. थोड्या मतांवर त्यांचा आमदार निवडून येतो आणि डॅनिश शाळा, वाचनालये, कागदपत्रे यांचा हिशेब मागतो. २०१२ ते २०१७ या काळात तो पक्ष तिथल्या सरकारातही होता. आपल्याकडे अशी सूट नाही आणि मिळण्याची चिन्हेही नाहीत. शिवाय त्यांना एकदा तरी कौल मिळाला होता, आपल्याला तोही नाही, म्हणून दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळत नाहीत. तरी एक फरक पाहण्यासारखा आहे. तिथला उमेदवार मतदारासमोर जातो तो शाळांची यादी घेऊन. किती वर्ग, किती मुले, किती शिक्षक कमी. आपल्या उमेदवाराच्या खिशात हुतात्म्यांची यादी असते, ती असलीच पाहिजे. तिच्या शेजारी बेळगुंदी ते बिजगर्णी पट्ट्यातल्या मराठी शाळांच्या पटसंख्येची यादीही असावी. शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, की आईबाप मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. ती मुले मतदार होतील तेव्हा त्यांना मराठी वाचता येणार नसेल, तर कौल मागायचा तरी कोणाकडे?

या पट्ट्यात वाचणारे आणि लिहिणारे अजून कमी नाहीत. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरे लेझीम खेळतात. संमेलनाच्या मांडवात समितीचे सगळे गट शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. उमेदवार निवडीच्या बैठकीत हे का जमत नाही, ते पंच मंडळींनी एकदा विचारावे.

महाराष्ट्र सरकारने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने ८६५ गावांचा ठराव केला, कर्नाटकानेही आपला ठराव केला. निकाल लागेल तेव्हा लागेल. त्याआधी एक काम दारात येऊन ठेपले आहे. जनगणना झाली की मतदारसंघांची पुन्हा फेररचना व्हायची आहे, आणि २०२३ साली संमत झालेल्या घटनादुरुस्तीप्रमाणे त्यानंतर विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव होतील. उंबरठ्यावर उभे राहून उमेदवाराला ओवाळणाऱ्या बायांपैकीच कोणाला तरी समितीला उमेदवार म्हणून उभे करावे लागेल. अशा किती जणी तयार आहेत, हे आजच पाहायला हवे. फेररचनेचा मसुदा जाहीर झाला की त्यावर हरकती मागवल्या जातात. २००८ सालच्या नकाशाने काय केले ते आपण पाहिले. या वेळी गावागावांच्या पंचायतींनी आपला ठराव, आपली मतदारसंख्या आणि लगतच्या मराठी गावांची यादी आधीच तयार ठेवावी, आणि मुदतीच्या आत ती दाखल करावी.